डिझेलची वही

डिझेलच्या वहीत आता दोन रकाने:
डावीकडे लिटर, उजवीकडे ठोके.
उधारीची वही मी कधी धड लिहिली नाही,
ही लिहितो.

मिरकरवाड्याच्या जेटीवर मला नावाने कुणी हाक मारत नाही.
मिस्त्री, एवढंच.
सव्वीस वर्षं इंजिनाच्या खोलीत काढली,
कान गेले, तळपाय शाबूत.
इंजिन आजारी पडणार असलं की आधी तळपायांना कळतं,
मग तांडेलाला,
आणि मालकाला सगळ्यात शेवटी.

माझं मात्र माझ्याच तळपायांना कळलं नाही.
डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, म्हणाल्या,
फार पळतंय हो, आणि उगाचच पळतंय.
एक गोळी दिली, नखाएवढी, पांढरी.
रोज. न्याहारीनंतर. ठरल्या वेळेला.
मी ओळखलं तिला: गव्हर्नर.
लिव्हर किती का ओढा, इंजिनाला हद्दीबाहेर जाऊ देत नाही तो.

पहिला महिना जड गेला.
जेटीच्या सात पायऱ्या चौदा झाल्या.
पाय असे गार, की बर्फ भरणारी पोरं म्हणाली,
मिस्त्री, तुम्ही इंजिनात होता की आमच्याबरोबर खणात?
रात्री स्वप्नं पडायची,
बंदर कोरडं, बोटी चिखलात, आणि मी पाना शोधतोय.
दुसऱ्या महिन्यात सगळं निवळलं
आणि मला वाटलं, झालं काम.
दुरुस्त झालेल्या मशीनला पाना कशाला लावून ठेवायचा?

माघात दहा दिवसांच्या फेरीला निघालो.
तांदूळ मोजले, बर्फ मोजला, डिझेल दोनदा मोजलं.
खिशात गोळ्या चार.

सातव्या रात्री, देवगडच्या बाहेर,
लाटेने पिछाडी उचलली
तसा पंखा पाण्याबाहेर आला आणि हवेतच भणाणला.
ते नेहमीचं.
पण पिछाडी खाली बसली, पंखा पाण्यात गेला,
तरी भणाणणं थांबेना.
ते माझ्या बरगड्यांत चाललं होतं.

रफीक होडेकर तांडेल. त्याने मला काही विचारलं नाही,
सुकाणू फिरवलं.
अर्धा खण रिकामा घेऊन बोट परत आली.
वाटणीत कुणाचं किती बुडालं
ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.
विचारायची माझी हिंमत नाही.

सिव्हिलच्या खाटेशी बाई उभ्या राहिल्या.
थांबवायची वेळ आली तर मी थांबवीन, म्हणाल्या,
थोडी थोडी कमी करत.
चालत्या इंजिनाचा गव्हर्नर हाताने उपटतं का कुणी?
तेही मिस्त्री म्हणवणाऱ्याने?

तेव्हापासून सकाळी उठतो तो टप्प्याटप्प्याने:
आधी बसतो, मग पाय खाली,
मग भिंत जागच्या जागी आहे ना बघतो.
अंगठ्याखाली दोन बोटं, समोर घड्याळ, पुरता मिनिट.
अर्ध्या मिनिटाचे दुप्पट केले की शेवंती ओरडते,
मासळी नाही ती, अंदाजाने मोजायला.

एकदा विसरलो गोळी. दुसऱ्या दिवशी एकच घेतली.
आज दुप्पट डिझेल ओतून
काल न कापलेलं अंतर कापलं जात नाही.

गजा खलाशी परवा म्हणाला, छाती धडधडते, एक दे ना.
मी मूठ मिटली.
तंबाखू माग, लुंगी माग, जाडं स्वेटर माग.
तुला दमा, झोपेत तुझी छाती शिटी मारते,
ही गोळी तुझा दम कोंडेल.
रुसला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही.
पाचव्या दिवशी बाईंकडे मीच घेऊन गेलो त्याला.

इंजिनाच्या दारावर खडूने बाईंचा नंबर लिहिलाय.
पन्नासाच्या खाली उतरले, की डोळ्यांपुढे अंधारी आली,
की आधी फोन, मग गोळीचं काय ते.

आज डिझेल तीनशे दहा.
ठोके अठ्ठावन्न.
गोळ्या एकोणीस.
फेरी दहा दिवसांची, म्हणजे पुरून उरतील.
तरी एक पट्टी जास्तीची
रफीकच्या पेटीत, होकायंत्राशेजारी,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
त्याने स्वतःच मागून घेतली.